सहा नंबरला हार नाही

जयमाला मढवी निवृत्त व्हायला अकरा दिवस उरले होते, आणि ऑफिसातल्या झाडून सगळ्यांचं मत होतं की मॅडमनी आता जरा दमानं घ्यावं. निरोपाला शाल कुठल्या रंगाची आणायची आणि केकवर नाव मराठीत घालायचं की इंग्रजीत, यावरून स्टेनो आणि रजिस्ट्रार यांची रोज जुंपत होती. मॅडमना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्या नेहमीसारख्या साडेनऊच्या ठोक्याला हजर. पर्समध्ये जेवणाचा डबा आणि डब्याशेजारी भिंग. हो, भिंग. लहान पोरं गवतातले किडे बघायला वापरतात तसलं.

सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी इमारतीत, पाचव्या मजल्यावर, दिवाळखोरी न्यायाधिकरणाचं खंडपीठ बसायचं. नाव ऐकून माणसाची छाती दडपते, पण काम समजायला सोपं. कंपनी बुडाली की तिचं पुढे काय, ते इथे ठरायचं. कुणी नवा मालक मिळाला तर कंपनी त्याच्या हवाली, नाही मिळाला तर लिक्विडेशन, म्हणजे मोडीत. यंत्रं भंगारवाल्याला, जागा बिल्डरला, आणि कामगार आपापल्या घरी. जयमालाबाई इथे निवाडा द्यायच्या खुर्चीत सात वर्षं होत्या. त्याआधी अठरा वर्षं जिल्हा न्यायाधीश, आणि त्याच्याही आधी ठाण्याच्या कामगार कोर्टात वकिली. आपण कामात पक्क्या आहोत हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही. वकील तयारी न करता आला, तर त्या चष्म्यावरून नुसत्या बघायच्या. तेवढ्यानं भल्याभल्यांना घाम फुटायचा.

आता त्या भिंगाचं सांगतो. या खुर्चीवर आल्या त्या पहिल्याच वर्षी बाईंच्या हातून एक चूक झाली होती. कायद्याची नव्हे. कायद्यानं ती ऑर्डर चोख होती, वरच्या कोर्टातही टिकली असती. तुर्भ्याचा एक नटबोल्टचा कारखाना होता. मशिनरी निकामी असल्याचा अहवाल, विरोध करायला कुणी नाही. दहा मिनिटांत ऑर्डर झाली, मोडीत काढा. महिन्याभरानं लिलावाची जाहिरात फोटोसकट पेपरात आली, आणि तो पेपर पडला नेमका धर्मराज मढवींच्या हातात. म्हणजे बाईंच्या वडलांच्या.

धर्मराज तुर्भे गावचे. खाडीकाठची शेती नव्या शहरासाठी गेली, तेव्हा रडत न बसता त्यांनी हातात पाना घेतला आणि तीस वर्षं तिथल्याच कारखान्यांत फिटर म्हणून काढली. कुठल्याही मशीनला कान लावून तिचं दुखणं सांगायचे. त्या दिवशी त्यांनी पेपर लेकीपुढे धरला.

"जयू, यी ऑर्डर तुझी?"

"हो, बाबा."

"मंग हार दिसला नाय तुना?"

बाईंना आधी कळेचना. मग त्यांनी फोटो नीट पाहिला. काळपट मशीनवर वाळलेल्या झेंडूचा हार होता. एकीवर नाही, चारही मशीनवर.

या पट्ट्यातल्या जुन्या फिटर लोकांची एक रीत आहे. दसऱ्याला मशीन पुसायची, तेल द्यायचं आणि एकदा फिरवून बघायची. फिरली तरच हार. बंद असेल तिला नुसतं कुंकू, तिला वाईट वाटू नये म्हणून; पण हार नाही. हार हा चालत्या मशीनचा मान. ही रीत कुठल्या पुस्तकात नाही, पण जयमालाबाईंना ती नवव्या वर्षापासून माहीत होती. बाबांचं बोट धरून त्या दर दसऱ्याला कारखान्यात जायच्या, पेढे खायच्या, आणि कुठल्या मशीनला हार नाही ते मोजायच्या. आणि एवढं शिकून, एवढ्या मोठ्या खुर्चीत बसून, नेमकं तेच विसरल्या.

"चालत्या मशीनी भंगारात घातल्यास बाय तू," एवढंच धर्मराज म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांच्या घरी ओसरीवर हातानं फिरवायची एक जुनी साण होती, कोयते-पाने घासायची. कारखाना सुटला तरी दसऱ्याला तिची पूजा चुकली नव्हती. मूठ धरून साण फिरवायची जयूनं, आणि मग हार घालायचा तोही जयूनं, अगदी ती पन्नाशी ओलांडलेली न्यायाधीश झाली तरीसुद्धा. त्या वर्षीपासून मूठ धर्मराज स्वतः फिरवू लागले. लेकीशी बोलणं होतं, जेवणखाण होतं, रविवारची मच्छी होती. फक्त दसऱ्याला तिला कुणी मूठ दिली नाही. सहा दसरे झाले. बाईंना ते जितकं लागलं तितकं वरच्या कोर्टानं हजार वेळा ऑर्डर फिरवली असती तरी लागलं नसतं.

बाबांनी तो पेपर पुढे धरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी भिंग विकत आणलं. तेव्हापासून कंपनी कुठलीही असो, त्या अहवाल नंतर वाचायच्या आणि फोटो आधी बघायच्या. सात वर्षांत शेकडो फायली गेल्या. हार पुन्हा कधी दिसला नाही.

तो दिसला एका रविवारी, अकरा दिवस उरलेले असताना.

फाईल तळोज्याच्या 'विश्वजय टिन' नावाच्या कारखान्याची होती. रंगाच्या डब्यांची झाकणं करायचा. पत्रा दाबायचे सहा मोठे प्रेस, एकशे बारा कामगार. तीन वर्षांपूर्वी बंद पडला. मालकानं हात वर केले, बँका न्यायाधिकरणात आल्या, आणि कारभार सुभाष नावाच्या आरपीकडे सोपवला गेला. आरपी म्हणजे बुडालेली कंपनी सांभाळायला आणि तिला गिऱ्हाईक शोधायला नेमलेला माणूस. गिऱ्हाईक आले, अहवाल बघितला, आणि गेले. अहवालात लिहिलं होतं, सहाही प्रेस निकामी, किंमत फक्त भंगाराची. आता मुदत संपली होती. उद्या सोमवारी लिक्विडेशनचा अर्ज होता, पाच मिनिटांचं काम.

बाई तुर्भ्याला बाबांच्या घरी ओसरीवर बसल्या होत्या. शेजारी शहाऐंशी वर्षांचे धर्मराज जेवण करून आडवे झाले होते. बाईंनी भिंग फोटोवर धरलं आणि त्यांचा हात थांबला. प्रेस नंबर एक, वाळलेला हार. दोन, हार. तीन, चार, पाच, हार. सहा नंबरवर फुलाची पाकळीसुद्धा नाही. कपाळावर लावावा तसा कुंकवाचा टिळा होता तेवढा.

त्यांनी घाईघाईनं जुने फोटो काढले. आरपीनं कारखाना ताब्यात घेतला तो जुलैमध्ये, गेल्या वर्षी. त्या फोटोत एकाही मशीनवर काही नव्हतं. किंमत ठरवणारा आला या वर्षी एप्रिलमध्ये, आणि त्याच्या फोटोत पाच हार. मधे एकच दसरा येऊन गेला होता. कारखान्याला कुलूप, वीज तोडलेली, आणि तरीही कुणीतरी आत जाऊन पूजा केली होती. नुसती पूजा नाही. कुठली फिरते आणि कुठली नाही, हे बघून केली होती.

"काय बगतेस एवढं?" धर्मराजांनी डोळे न उघडता विचारलं.

फोटो बाबांपासून तीन हातांवर होता. बाबांपुढे धरला असता तर कोणता प्रेस कशानं बंद आहे तेही त्यांनी सांगितलं असतं. बाईंच्या ओठावर आलं होतं. पण फाईल कोर्टाची, आणि कोर्टाची फाईल घरच्या माणसाला दाखवायची नसते. एवढी वर्षं नोकरी केली ती याच जोरावर.

"काम आहे बाबा, झोपा तुम्ही," म्हणत त्यांनी फाईल बंद केली.

खंडपीठावर दोघे बसायचे. बाईंच्या शेजारची खुर्ची उदयसिंह घोरपडे यांची. मूळचे कोल्हापूरचे, आयुष्य बँकेत गेलेलं, आकड्यांना वस्ताद माणूस. ऑर्डरवर दोघांची सही लागायची, त्यामुळे सोमवारी सकाळी बाई आधी त्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. घोरपड्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "मॅडम, झेंडूच्या हारावर ऑर्डर काढली तर वरचं कोर्ट आपल्यालाच फुलं वाहील की."

"ऑर्डर कोण काढतंय? मी फक्त प्रश्न विचारणार."

"आणि हे हाराचं तुम्हाला कसं माहीत?"

"माझे वडील फिटर होते."

"बघा! म्हणजे तुम्हाला माहीत. फायलीला नाही माहीत. आणि बँकांनी मतदान करून लिक्विडेशन मागितलंय. व्यवहाराचा निर्णय त्यांचा, त्यात आपण नाक खुपसायचं नाही, हेही तुम्हीच मला शिकवलंय."

"मतदान केलं ते निकामी मशीनवर. मशीन निकामी नसतील, तर त्यांनी मतदान कशावर केलं? लिक्विडेशन होऊ दे, घोरपडेसाहेब. पण कारखाना भंगार म्हणून विकायचा की चालू कारखाना म्हणून, कामगारांसकट, हे सांगायचा अधिकार आपल्याला आहे. चालू म्हणून विकायचा तर तो चालतो हे फायलीनं बोललं पाहिजे. आणि फाईल बोलत नसेल तर तिला बोलतं करायचं."

घोरपड्यांनी मान हलवली, पण ती होकारार्थी की नकारार्थी हे कळायला मार्ग नव्हता. "फाईल बोलली तर सही करतो. नाही बोलली तर नाही," ते म्हणाले. बाईंनाही यापेक्षा जास्त काही नको होतं.

आरपीच्या वतीनं क्षिप्रा नावाची तरुण वकील उभी होती. हुशार मुलगी, बोलणं टकाटक. तिनं तीन मिनिटांत सगळं मांडलं आणि समोरची कागदपत्रं आवरायलाही घेतली. आरपी सुभाष तिच्या मागे मोबाइल बघत होता.

"कामगारांतर्फे कोण आहे?" बाईंनी विचारलं.

मागच्या बाकावरून एक बाई उठली. गोजरा पाटील, नावड्याची. विश्वजयमध्ये एकोणीस वर्षं पॅकिंगला होती. युनियनचा वकील फी थकल्यावर यायचा बंद झाला, तेव्हापासून दर तारखेला हीच यायची. सकाळी मेट्रो पकडून, हातात पिशवी घेऊन, शेवटच्या बाकावर बसायची. दोन वर्षांत तिला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता.

बाईंनी शिपायाकरवी फोटो तिच्यापर्यंत पोचवले. "गोजराबाई, हा कारखाना ओळखता?"

"ओलखते तर!"

"या मशीनवर हार आहेत. दिसतात?"

गोजराचा चेहरा पडला. कुलूप लावलेल्या कारखान्यात शिरलो हे कुठे बोलू नकोस, असं तिला सगळ्यांनी बजावलं होतं. तिनं पदर घट्ट लपेटून घेतला आणि ओठ मिटून घेतले. क्षिप्राच्या मात्र लक्षात आलं. ती ताडकन उठली. "मॅडम, जागा माझ्या अशिलाच्या ताब्यात आहे. कुणी आत शिरलं असेल तर तो गुन्हा आहे. हार कुणी घातले ते या बाईंनी सांगावं."

"तो प्रश्न मी विचारलेला नाही," जयमालाबाई म्हणाल्या, "आणि विचारणार नाही. तुम्ही बसा." मग त्या गोजराकडे वळल्या, आणि कोर्टात सात वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून घरची बोली निघाली. "गोजरा, मना एवढंच सांग. सहा नंबरला हार कना नाय?"

गोजरानं चमकून वर पाहिलं. मोठ्या खुर्चीतली ही बाई आपल्यासारखं बोलते, हे तिला खरंच वाटेना. आणि प्रश्न तरी कसला! ज्याचं उत्तर पोरासोरांनाही येतं, ते कोर्टात कुणी विचारतं का? भीती क्षणभर विसरून ती फटकन म्हणाली, "बंद हाय ती! बंद मशीनला कवा कोनी हार घालतंय का?"

कोर्टात हशा पिकला. घोरपडे हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसून फोटो पुन्हा जवळ ओढला. "आणि बाकीच्या पाच?" त्यांनी विचारलं.

"त्या फिरल्या म्हनून तर घातला."

क्षिप्रा सोडणारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती तिचं काम चोख करत होती. "सर, कारखान्याची वीज अडीच वर्षं तोडलेली आहे. या बाई म्हणतात मशीन फिरल्या. कशावर फिरल्या? हवेवर? भावना समजू शकते, पण हा पुरावा नाही."

सगळे गोजराकडे बघू लागले. ती एकदा क्षिप्राकडे, एकदा वर बाईंकडे बघत राहिली. बोललं तर गुन्हा पदरात येणार होता, नाही बोललं तर मशीन जाणार होत्या. तिनं पिशवी बाकावर ठेवली आणि सरळ उभी राहिली.

"जनरेटर आनलेला," ती म्हणाली. "आमच्या नवरात्र मंडलाचा. दसऱ्याला देवी निगायच्या आदी टेम्पोतनं गेटमधी घेतला. एकेक प्रेस जोडून फिरवला. पाच फिरल्या, सहावी नाय फिरली. तेल आमी महिन्यालाच देतो. गंज चढू नये म्हनून. पगार नाय तर नाय, मशीन तर आमच्याच हायेत ना? मी होती, मी घातले हार. मना काय ते करा."

क्षिप्रा लगेच म्हणाली, "मॅडम, ही कबुली रेकॉर्डवर घ्यावी."

"घेते की," बाई म्हणाल्या. त्यांना आतून उमाळा आला होता, पण आवाज एकदम कोरडा. "सगळंच घेते. गेटवर पहारेकरी कुणाचा?"

सुभाषनं मोबाइल खिशात टाकला. "आमचा, मॅडम."

"किल्ली कुणाकडे?"

"त्याच्याकडेच."

"म्हणजे तुमच्या माणसानं तुमच्या किल्लीनं तुमचं गेट उघडलं, टेम्पो आत घेतला, आणि दर महिन्याला तेल घालायला येणाऱ्यांना तो आत सोडतो. मग ही घुसखोरी की परवानगी, हे तुम्हीच ठरवा. ठरवताना एवढं ध्यानात घ्या की मालमत्ता जपणं हे तुमचं काम, तुम्ही त्याची फी घेता, आणि ते काम या लोकांनी फुकट केलंय. बरं, किंमत ठरवणाऱ्यानं मशीन चालवून बघितल्या होत्या?"

सुभाष खाली बघत म्हणाला, "वीज नव्हती, मॅडम."

"म्हणजे बघितल्या नाहीत. आणि लिहिलं काय, तर निकामी." बाईंनी घोरपड्यांकडे पाहिलं. घोरपड्यांनी या वेळी मान हलवली ती मात्र स्पष्ट होकाराची. "आठ दिवसांत तटस्थ इंजिनीअरनं सहाही प्रेस चालवून अहवाल द्यावा. वीज जोडायला वेळ लागेल असं आता तुम्ही म्हणाल, क्षिप्राताई, म्हणून आधीच विचारते. गोजराबाई, तो जनरेटर मिळेल?"

"मिलंल की! नवरात्र आलंयच तोंडावर, बुकिंग झालेलं हाय."

आठ दिवस बाईंनी काढले ते कसे काढले, ते त्यांचं त्यांना माहीत. वरून सगळं शांत. रोजच्या सुनावण्या, रोजचा डबा. पण मनात एकच. अहवाल उलटा आला, तर शेवटच्या आठवड्यात म्हातारी भावनेच्या आहारी गेली असंच लोक म्हणणार. त्याचंही फार नाही. चालत्या मशीन आपल्या हातून दुसऱ्यांदा भट्टीत गेल्या, तर बाबांना तोंड कसं दाखवायचं? पण मग त्या स्वतःलाच दटावायच्या. फिटर लोक हाराच्या बाबतीत खोटं बोलत नाहीत, हे मला माहीत आहे ना? मग झालं तर.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी अहवाल आला. घोरपड्यांनीच तो कोर्टात मोठ्यानं वाचला. प्रेस क्रमांक एक ते पाच, पूर्णपणे कार्यरत, देखभाल उत्तम. प्रेस क्रमांक सहा बंद, क्लच निकामी. त्यांनी कागद खाली ठेवला आणि माइक चालू आहे हे विसरून "आयला!" म्हणाले. मग सहीसाठी खिशातलं पेन काढलं.

ऑर्डर बाईंनी सलग सांगितली, स्टेनोला एकदाही थांबावं लागलं नाही. लिक्विडेशन मंजूर, पण कारखाना चालू स्थितीत, कामगारांसकट विकायला काढायचा. मशीनची किंमत नव्यानं ठरवायची. नव्वद दिवस भंगाराचं नाव काढायचं नाही. देखभाल करणाऱ्या कामगारांवर कसलीही कारवाई नको. मागच्या बाकावर गोजरानं शेजारच्याला विचारलं, "काय म्हनाली?" त्यानं सांगितल्यावर ती तिथेच खाली बसली आणि ढसाढसा रडली. शिपायानं तिला पाणी आणून दिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. चाकणच्या एकानं कारखाना घेतला, थंडीत सुरूही झाला. एकशे बारातले चौऱ्याहत्तरच घेतले त्यानं. बाकीच्यांना देणी मिळाली, नोकरी नाही. सगळं गोड झालं असं म्हणणारा मी नव्हे.

निरोपाच्या दिवशी शाल निघाली मोरपंखी, केकवर नाव मराठीत, आणि हार निघाला झेंडूचा. रजिस्ट्रार हार घेऊन घुटमळला, मॅडमना आवडेल की नाही म्हणून. घोरपडे मागून ओरडले, "घाला, घाला! फिरतायत अजून मॅडम!" बाई हसून हसून बेजार झाल्या.

दोन आठवड्यांनी दसरा आला. बाई सकाळीच तुर्भ्याला पोचल्या. ओसरी सारवल्यासारखी स्वच्छ पुसलेली, साण धुऊन, तेल देऊन पाटावर मांडलेली, शेजारी ताटात हार आणि नारळ. धर्मराज पेपर घेऊन बसले होते. आत एक जाहिरात होती, तळोज्याचा टिन कारखाना चालू स्थितीत विकणे आहे, फोटोसकट. खाली न्यायाधिकरणाचं नाव आणि ऑर्डरची तारीख.

"तुझं भिंग दे जरा," ते म्हणाले.

बाईंनी पर्समधून काढून दिलं. म्हाताऱ्यानं पेपर उन्हात धरला आणि एकेक मशीन बघत बोट पुढे सरकवलं. ओठ हलत होते, मोजत होते. बाई बाजूला उभ्या राहिल्या.

"पाच," धर्मराज म्हणाले. मग भिंग आणखी जवळ नेलं. "सहावीचा क्लच गेला असंल."

"हो बाबा. क्लचच."

"तारीख तुझ्या शेवटच्या दिसाच्या आदली हाय."

"हो."

त्यांनी पेपर घडी करून मांडीखाली ठेवला. मग त्यांनी दोन्ही हातांनी पाट धरला आणि साण अर्धी वळवली. मूठ आता लेकीकडे झाली.

जयमालाबाई खाली बसल्या. मूठ धरली आणि फिरवली. आधी जड गेली, मग चाक घरघरत सुटलं. धर्मराजांनी डोळे मिटून कान पुढे केला, एखादं दुखणं ऐकू येतंय का बघावं तसा.

"फिरतंय," ते म्हणाले, आणि ताटातला हार उचलून त्यांनी तो लेकीच्या हातात दिला. "घाल."